पाकाचा एक थेंब

(इंदूर. रामबागेतलं जुनं घर. रविवार सकाळ. ओट्यावर पोह्यांच्या रिकाम्या बशा.)

इंदुरात पोहे-जिलेबीशिवाय रविवार उजाडत नाही. पण आपण खाणाऱ्यांकडे नको, ओट्यावर बघू. जिलेबीच्या पुड्यातून पाकाचा एक थेंब गळलाय.

एक बारीक काळी मुंगी, एकटीच. इकडे जा, तिकडे जा, मधेच माघारी फीर. थेंबाशी थबकली, मिशा लावून पाहिल्या आणि प्यायला लागली. सगळा पाक काही तिच्या पोटी जायचा नाही. मुंगीच्या पोटाआधी एक पिशवी असते, घरच्यांसाठी. बिळात गेली की तोंडाला तोंड लावून ती त्यातलं वाटते.

(अगदी जवळून: परतणारी मुंगी.)

आता हिची चाल बघा. पोटाचं टोक फरशीला टेकवत निघालीय. तिथल्या ग्रंथींतून वासाचे ठिपके पडताहेत. त्या मागावर आणखी चारजणी येतील, खाऊन परतताना आपलेही ठिपके टाकतील. खाणं संपलं की रिकाम्या परतणाऱ्या ठिपके टाकत नाहीत. वास उडून जातो, रांग विरते.

हुकूम कुणाचा? राणीचा? छे! तिला अंडी घालण्यातून सवड कुठली. रांगेतल्या या सगळ्या कामकरी, आणि झाडून साऱ्या माद्या.

जवळची वाट मात्र यांना बरोबर सापडते. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनी मुंग्यांपुढे दोन फाट्यांचा पूल ठेवला, एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. १९८९ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी मुंग्या दोन्हीकडे गेल्या. आखूड फाट्यावरच्या लवकर परतल्या, तिथला वास आधी दाट झाला, आणि मागच्या तिकडेच वळल्या. खरी गंमत पुढची. आधी नुसता लांबचा फाटा ठेवून आखूड नंतर जोडला, तर बहुतेक वेळा मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. वळण पडलं ते पडलं!

वासावरून जवळची वाट शोधायची ही युक्ती १९९२ मध्ये मार्को दोरिगो या इटालियन संशोधकाने कॉम्प्युटरला शिकवली. त्याच्या गणितातल्या मुंग्यांचा वासही हळूहळू उडतो. तो उडाला नाही, तर पहिल्यांदा सापडलेली वाटच शेवटची ठरेल.

(पुन्हा ओटा. खिडकीच्या चौकटीपासून थेंबापर्यंत रांग.)

आजी ओलं फडकं घेऊन आल्यात. नातू चप्पल उचलतो.

"मारतोस कशाला रे? रस्ता पुसला की झालं."

फडकं रांगेवरून आडवं फिरतं. ओल्या पट्ट्याच्या अलीकडे गर्दी, पलीकडे गर्दी. पिशवी भरलेल्या काहीजणी थेंबाच्या बाजूला अडकल्यात, जागच्या जागी घिरट्या घालताहेत. आजी साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवतात.

(कॅमेरा ओट्याच्या कडेशी.)

आणि ही एक बघा. पट्ट्याला वळसा घालून, मिशा हलवत, कडेकडेने निघालीय. पोटाचं टोक अजून फरशीला टेकतंय.