बोटांखालचे वचन

(दृश्य : तलावपाळीचा रस्ता, सभागृहाच्या पायऱ्या)

ठाण्यात तलावपाळीपासून चालत थोड्याच अंतरावर असलेल्या या सभागृहात महिन्यातून एका रविवारी, दुपारच्या वेळी, दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टिहीन ख्रिस्ती बंधुभगिनींची सहभागिता भरते. कुणी कळव्याहून येते, तर कुणी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ऐरोली-घणसोलीहून. पायऱ्यांशी उभ्या असलेल्या स्वयंसेविकेकडे लक्ष द्यावे. ती "जय ख्रिस्त" म्हणते, स्वतःचे नाव सांगते आणि विचारते, "काकू, सोबत येऊ का?" होकार मिळाल्यावरही ती काकूंचा हात धरत नाही, तर आपला कोपर पुढे करते. काकू कोपराच्या किंचित वर धरून अर्धे पाऊल मागून चालतात, त्यामुळे पायरी आली की वळण आले, हे त्यांना तिच्या हालचालीवरूनच कळते. मनगट धरून ओढत नेण्यामागे कितीही माया असली, तरी त्याने चालणाऱ्याचा तोल जातो आणि मानही जातो.

विचारण्याची ही रीत शुभवर्तमानातलीच आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय येशूला हाका मारतो आणि लोक त्याला गप्प बसवू पाहतात. येशू मात्र थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि त्याला काय हवे आहे, हे त्यालाच विचारतो. त्याला दिसत नाही, हे सर्वांना ठाऊकच होते. तरीही त्याच्या तोंडून ऐकणे येशूला आवश्यक वाटले.

(दृश्य : ब्रेल पाटीवर चालणारे हात, अगदी जवळून)

हे काका पुढच्या सभेसाठी वचन उतरवून घेत आहेत. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवलेला आहे; वरच्या पट्टीत ओळीने छोट्या खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीत सहा टिंबांची जागा. टोकदार स्टायलसने टिंब दाबले की ते कागदाच्या मागच्या बाजूला उठते, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते आणि वाचताना कागद उलटून डावीकडून उजवीकडे. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मांडणी उच्चाराला धरून असते. काका आत्ता 'ख्रिस्त' हा शब्द लिहीत आहेत : आधी हलन्ताची, म्हणजे पुढचे अक्षर अर्धे आहे हे सांगणारी खूण, मग ख, र, र च्या नंतर ह्रस्व इकार, पुन्हा हलन्त, स आणि शेवटी त. एका शब्दाला सात खिडक्या लागल्या, आणि त्यांतले प्रत्येक टिंब उलट्या बाजूने मनात धरून दाबलेले आहे. ही चिकाटी घाईने दाखवण्यासारखी नाही, म्हणून हे दृश्य आम्ही कापलेले नाही.

ही लिपी देणारे लुई ब्रेल 1809 मध्ये फ्रान्समध्ये जन्मले, वडिलांच्या कारखान्यात टोच्याने झालेल्या जखमेमुळे बालपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि पुढे ते पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकही होते. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी 1900 मध्ये मुंबईत अंधांसाठी शाळा काढली, जी पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांच्या शिक्षणाची सोय केली होती. म्हणजे या दुपारच्या सभेमागे शंभराहून अधिक वर्षांची वाट आहे.

(दृश्य : काकू उभ्या राहून स्तोत्र वाचताना)

संपूर्ण बायबल ब्रेलमध्ये छापले की त्याचे चाळीसच्या आसपास जाड खंड होतात, त्यामुळे पिशवीत फक्त त्या दिवसाचा खंड येतो. आज वाचनाची पाळी काकूंची आहे. त्या वाचतात आणि डोळस माणसे ऐकतात. आमच्या मते या सभेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण इतर ठिकाणी दृष्टिहीन माणसासाठी प्रार्थना होते, पण त्याला प्रार्थना चालवू दिली जात नाही.

ज्यांना थोडे दिसते, त्यांची अडचण वेगळी असते. भजनाचे शब्द पडद्यावर दाखवण्याची प्रथा आली आणि डोळ्यांजवळ धरता येणारे पुस्तक हातातून गेले. इथे त्यांना मोठ्या, ठळक अक्षरांतली पाने मिळतात. फोनवर वाचून घेणाऱ्यांना उतारा आधीच पाठवला जातो, तोही मजकूर म्हणून, कारण पानाचा फोटो पाठवला तर फोनमधला वाचक आवाज बहुधा तिथेच अडतो.

सभेनंतर चहाबरोबर नोकरीचे, प्रमाणपत्राचे आणि औषधोपचाराचे विषय निघतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण ठेवले आहे आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. अर्ज भरायला इथलेच जाणकार मदत करतात.

ठाणे आणि नवी मुंबईतील ख्रिस्ती मंडळ्यांकडे (चर्चकडे) या गटाची एकच मागणी आहे : रविवारच्या उपासनेच्या वाचकांची यादी करताना आपल्या दृष्टिहीन सभासदालाही विचारावे, आणि त्याने होकार दिला तर उतारा त्याला ब्रेलमध्ये उतरवून घेता येईल इतक्या दिवस आधी कळवावा.