धुराडं दोन इंची की चार इंची?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतलं हे एक फॅब्रिकेशनचं दुकान. एरवी इथं गेट, ग्रिल आणि ट्रॉल्यांची वेल्डिंगं चालतात. आज घोडीवर आडवा पडलाय २०० लिटरचा लोखंडी बॅरल. त्याचा स्मोकर व्हायचाय, धुरावर मटण शिजवायचा.

एका अंगाला जाळाची पेटी जोडून झालीये. जाळ तिकडं, मटण इकडं. मधल्या भोकातून येणार ती ऊब आणि धूर. ११० ते १२० अंशांवर, तासन् तास. आता राहिलंय धुराडं, आणि वाद त्याच्यावरच आहे.

‘मामा, दोन इंची पाईप पडलाय की. तोच लावू.’

‘लाव की. पण मग साडेसात फूट वर न्यावा लागंल. छपराच्या पत्र्याला भिडंल.’

मामांचा हिशेब स्मोकर बनवणाऱ्यांच्या एका ठोकताळ्यावर चालतो: शिजवायच्या जागेच्या साधारण २.२ टक्के जागा धुराड्यात हवी. २०० लिटरला ४.४ लिटर. दोन इंची पाईपात एवढी जागा भरायला सव्वादोन मीटर उंची लागते. तीन इंचीत एक मीटर. चार इंचीत जेमतेम छप्पन सेंटिमीटर.

मग उंच आणि बारीक का नको? गरम हवा हलकी, बाहेरची जड. या फरकावर धुराडं ओढ घेतं. ही ओढ किती नाजूक असते पाहा. बाहेर ३० अंश, आत १२० अंश, धुराडं एक मीटर. तर ओढ मोजायच्या पाण्याच्या नळीत पातळी हलते जेमतेम पाव मिलिमीटर. एवढ्याशा जोरावर धुराला बारीक पाईपातून घासत जायचंय. त्यात आतला पत्राही चार इंचीच्या दुप्पट. धूर त्याला लागून थंड होतो, डांबरासारखा काळा थर धरतो, आणि पेटीला हवा कमी पडली की लाकूड नुसतं धुमसतं. मटण कडू होतं ते यानं. मसाल्याला उगाच दोष देतात लोक.

आपल्याकडं धुराडं म्हटलं की गुऱ्हाळ डोळ्यांपुढं येतं. तिथं चिपाडं धडाडून जळायला हवीत, जाळ काहिलीच्या बुडाखालून पार पलीकडं खेचला जायला हवा, म्हणून धुराडं उंच. रस उकळायचा असतो ना. स्मोकरला तेवढी ओढ दिली तर मटण भाजून निघेल आणि बाभळीची लाकडं बघता बघता संपतील.

म्हणून चार इंची ठरलं, वर फिरती झडप. मोठं धुराडं झडपेनं आवळता येतं. बारीक असलं तर नंतर रुंद कोण करणार?

कोपऱ्यात जस्ताचा मुलामा दिलेला एक चार इंची पाईप होता, चकचकीत. मामांनी तो बाजूला टाकला. वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि छातीत जातो. रात्री थंडी वाजून ताप भरतो. साधा काळा पाईपच घ्यायचा. आणि मटण ठेवण्याआधी बॅरल एकदा रिकामाच चांगला पेटवायचा, आतला रंग आणि तेल जळून जाईस्तोवर. त्या दिवशी झडप पूर्ण उघडी. मग मटणाच्या दिवशी धुराड्यातून दाट पांढरे लोट येताहेत तोवर पेटीची हवा वाढवायची. विरळ, निळसर धूर दिसला की मटण आत.