बाखचं लाइपझिग: दोन चर्च, एक पगार, एक कॉफीहाऊस

(दृश्य: मार्क्ट चौक, जुनं नगरभवन)

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये संगीतकार बाख शोधायला निघालेली माणसं आधी त्याच्या पुतळ्याकडे जातात. आपण नगरभवनापासून सुरुवात करू, कारण बाख इथे आला तो नोकरीसाठी. ५ मे १७२३ रोजी त्यानं याच इमारतीत करारावर सही केली. पद कांटोरचं: थॉमस शाळेतल्या मुलांना गायन शिकवायचं आणि शहरातल्या मुख्य चर्चांचं संगीत सांभाळायचं. पुढची २७ वर्षं, मरेपर्यंत, तो याच नोकरीत होता.

वरच्या मजल्यावर आता शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथे चित्रकार हाउसमाननं १७४६ मध्ये काढलेलं बाखचं व्यक्तिचित्र आहे. चेहऱ्याइतकाच हातातला कागदही नीट पाहा. त्यावर सहा आवाजांचा कॅनन आहे, म्हणजे एकाच सुरावटीतून नियमानं बाकीचे आवाज निघतात अशी रचना, पण लिहिलेल्या ओळी तीनच. उरलेल्या तीन ज्याच्या त्यानं सोडवायच्या.

(दृश्य: थॉमस चर्च, बाहेरून आणि आतून)

थॉमस चर्च इथून दोन-तीन मिनिटांवर. शेजारच्या ज्या शाळेत बाखचं बिऱ्हाड होतं ती १९०२ मध्ये पाडली. चर्चमधली कबरही मूळची इथली नाही: १७५० मध्ये त्याला गावकुसाबाहेरच्या योहानिस दफनभूमीत पुरलं होतं, १८९४ मध्ये अवशेष उकरून काढले आणि ते इथे आले दुसऱ्या महायुद्धानंतर. आतलं आजचं निओ-गॉथिक रूप एकोणिसाव्या शतकातलं. बाखच्या काळात आत लाकडी सज्जांची दाटी होती. लाकूड आवाज शोषून घेतं, त्यामुळे घुमारा कमी असे आणि जलद सुरावटी स्पष्ट ऐकू येत. आज त्याच सुरावटी एकमेकींत मिसळतात.

(दृश्य: थॉमस ते निकोलाय, चालत)

आता निकोलाय चर्चकडे. सात-आठ मिनिटांची चाल, पण बाखचं वेळापत्रक याच रस्त्यावर ठरायचं. मुख्य संगीत एका रविवारी थॉमसमध्ये, पुढच्या रविवारी निकोलायमध्ये. सणाच्या दिवशी तोच कांटाटा (गायक-वादकांसाठीची अनेक भागांची रचना) सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर आठवड्याला नवी रचना. गायक-वादकांच्या प्रती विद्यार्थी आणि घरचे लोक मिळून उतरवत.

१७२४ च्या गुड फ्रायडेला ‘सेंट जॉन पॅशन’, म्हणजे येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा सांगणारी बाखची संगीतरचना, व्हायचं होतं. छापील पत्रकात ठिकाण थॉमस चर्च. आठवडाही उरला नसताना नगरपरिषदेनं सांगितलं, यंदा पाळी निकोलायची. बाखनं ऐकलं, पण अटी घालून: तिथला हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) दुरुस्त करा, गायकांच्या सज्जात जागा वाढवा. परिषदेनं दोन्ही मान्य केलं. बिनपैशाचं कौतुक करणाऱ्या वरिष्ठांकडून काम करून घेण्याची ही कला त्याला चांगली साधलेली दिसते.

नेहमी साधली नाही, हेही खरं. ऑगस्ट १७३० मध्ये त्यानं परिषदेला हिशेबच लिहून दिला: १७ मुलं कामाची, २० अजून तयार व्हायची, १७ निरुपयोगी. वादक हवेत किमान १८, पगारी आहेत ८. त्याच वर्षीच्या एका पत्रात तो मित्राला कळवतो की वर्षाचं उत्पन्न साधारण ७०० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं), पण त्यातला बराच भाग दफनविधींच्या दक्षिणेचा. हवा निरोगी राहिली की कमाई घटते. आदल्या वर्षी १०० थालरहून जास्त बुडाले!

(दृश्य: कातारिनेनस्ट्रासे)

या तंगीवरचा उतारा कातारिनेन रस्त्यावर, १४ क्रमांकाच्या घरात होता: त्सिमरमानचं कॉफीहाऊस. १७२९ पासून बाख ‘कोलेगियुम मुझिकुम’ या विद्यार्थी-वादकांच्या मंडळाचं नेतृत्व करू लागला. हिवाळ्यात शुक्रवारी रात्री ८ ते १०, उन्हाळ्यात बुधवारी ४ ते ६ बागेत. व्यापारी जत्रेच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा. ‘कॉफी कांटाटा’ याच काळातला. डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते घर गेलं. त्या काळच्या श्रीमंत लाइपझिगचा अंदाज हवा असेल तर याच रस्त्यावरचा २३ क्रमांकाचा रोमानुस वाडा उभा आहे.

(दृश्य: थॉमस चर्च, वरचा सज्जा)

संगीत ऐकायचं तर शुक्रवारी संध्याकाळी ६ किंवा शनिवारी दुपारी ३ ची मोटेट, म्हणजे चर्चमधली समूहगायनाची प्रार्थनासभा, गाठा. कार्यक्रमपत्रिका विकत घेतली की तेच तिकीट. अर्धा-पाऊण तास आधी रांगेत लागा. शाळेला सुट्टी असेल किंवा थॉमानर, म्हणजे थॉमस चर्चच्या गायकवृंदातली मुलं, दौऱ्यावर असतील तर पाहुणे गातात, म्हणून तारीख आधी तपासा. आणि गायक समोर दिसले नाहीत म्हणून गोंधळू नका. ते मागच्या, पश्चिमेच्या सज्जात उभे असतात.