एका घरातलं वेगळं पाणी

(दृश्य: चूल. शेजारी झाकून ठेवलेला पाण्याचा हंडा.)

या घरात नवरा ख्रिस्ती होता आणि बायको सोवळं पाळणारी चित्पावन ब्राह्मण. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचं पाणी वेगळं. ज्या विटाळाला नवरा कायमचा रामराम ठोकून आला होता, तोच विटाळ त्याच्या घरात पाळला जात होता. आणि त्यासाठी त्याने घरात जागा ठेवली होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. गाव अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. एकोणिसावं शतक सरत आलेलं.

(दृश्य: धावती आगगाडी.)

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल दिलं. टिळक कवी होते, संस्कृत जाणणारे होते. वाचत गेले, स्वतःशीच भांडत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या माणसांत होत्या. बातमी तिथे येऊन आदळली. ज्या निर्णयाने त्यांचा संसार मोडणार होता, त्यात त्यांचा सल्ला कुणी घेतला नव्हता. टिळकांचा मोठेपणा सांगताना हा घाव झाकायचा नाही, असं आम्हाला वाटतं. नाशिकजवळच्या जलालपूरला, सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांच्या धाकात वाढलेली ही बाई. तिच्या दृष्टीने नवरा जिवंत असून हरवला होता.

कायदा टिळकांच्या बाजूचा होता. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार धर्मापायी नांदायला तयार नसेल तर कोर्टातून लग्न मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. वर्षं गेली. शेवटी त्या नवऱ्याकडे आल्या, पण आपला धर्म घेऊन आल्या.

(दृश्य: राहुरीचा रस्ता, दुतर्फा शेतं.)

या घरात भांडणं होत नव्हती असं कुणी समजू नये. टिळक तापट होते. लक्ष्मीबाईंची जीभही काही मऊ नव्हती, त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्याचे दाखले पानोपानी आहेत. आवाज चढायचे, रुसवेफुगवे व्हायचे. पण तुझ्या देवाचं काय करायचं ते तूच ठरव, एवढी एक गोष्ट त्या आरडाओरड्यातही शाबूत राहिली.

मग नगरजवळच्या राहुरीला राहत असतानाच्या दिवसांत लक्ष्मीबाईंच्या मनाने एक प्रश्न धरला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर जनावरांत दिसतो तसा फरक माणसांतही दिसला असता. विचार करता करता त्यांचं त्यांनाच उमगलं आणि त्यांनी सांगून टाकलं, यापुढे मी कुणाच्याही हातचं खाईन, पिईन. हंडा त्यांनी स्वतः उघडला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली.

(दृश्य: जुन्या छापाचं मराठी पान.)

महात्मा जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. त्यात एक घर आहे. बाई ग्रंथ वाचून बौद्ध झालेली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि जोतीराव म्हणतात, यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावं. ही कल्पना छापून चार वर्षं होतात न होतात, तोच नियतीने एका खऱ्या जोडप्याला त्या परीक्षेला बसवलं.

पुढे नगरच्या याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे येऊन राहिले. आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच होते. त्या मायेला त्याने काही उणेपणा आला नाही.

टिळकांनीही मागचं सगळं फेकलं नव्हतं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ती भजनं, अभंग रचले, कीर्तनं केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ज्याला ख्रिस्ताच्या मागे जायचं आहे त्याला तिथे जागा होती. हे त्यांच्या स्वतःच्या समाजातही अनेकांना रुचलं नाही.

(दृश्य: कंदिलाच्या उजेडात लिहिणारा हात.)

१९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य जेमतेम दहा अध्यायांवर थांबलं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे न्यायला घेतलं आणि चौसष्ट अध्याय रचले. ख्रिस्ताची कथा, ओवी छंदात. ज्ञानेश्वरी ज्या छंदात आहे, त्याच.