निकालाकडून नियमाकडे: मनाची आणि समाजाची गणिती मॉडेल

[दृश्य: मोकळा चौक. १०० माणसं उभी आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक आकडा.]

या जमावातल्या प्रत्येकाचा एक उंबरठा आहे. आधी किती जणांनी दगड उचललेला दिसला की आपणही उचलायचा, हा तो आकडा. पहिल्याचा उंबरठा ०, तो कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. शून्यवाला दगड उचलतो. त्याला पाहून एकवाला उचलतो, त्या दोघांना पाहून दोनवाला. बघता बघता सगळेच्या सगळे १०० जण दंगलीत.

आता एकच बदल करू. ज्याचा उंबरठा १ होता, त्याचा २ करू. शून्यवाला दगड उचलतो आणि गोष्ट तिथेच संपते, कारण एक दगड पाहून हलणारं आता कुणी उरलेलं नाही. जमावाचा सरासरी उंबरठा ४९.५० होता, तो ४९.५१ झाला. बाहेरून पाहणारा म्हणेल, पहिला जमाव हिंसक होता आणि दुसरा शांत. प्रत्यक्षात ९९ माणसं तीच आहेत.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी हे मॉडेल १९७८ मध्ये मांडलं. त्यातली शिकवण आजही जड जाते. नियम हातात असेल तर निकाल काढता येतो. निकाल पाहून नियम ओळखायला गेलं की पाय घसरतो. आणि मानसशास्त्रात काय, समाजशास्त्रात काय, आपल्या हाती बहुतेक वेळा निकालच असतो.

[दृश्य: चौकटींची जाळी. दोन रंगांची घरं बदलत आहेत.]

असं मॉडेल कोडमध्ये उतरवताना एक प्रश्न हमखास निसटतो: बदल कुणी आणि कधी करायचा? सगळ्यांनी एकाच क्षणी, की एकेकाने? १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी जाळीच्या प्रत्येक घरात एक खेळाडू बसवला. शेजाऱ्याशी सहकार करायचा किंवा त्याला फसवायचं, एवढंच त्याच्या हातात. सगळे एकाच ठोक्याला आपली चाल बदलत होते, आणि सहकार करणारे टिकून राहिले. पुढच्याच वर्षी बर्नार्डो ह्युबरमन आणि नॅटली ग्लान्स यांनी तोच खेळ एकेकाला पाळी देऊन चालवला. त्याच आकड्यांवर सहकार पुसला गेला. म्हणून बदलाचा क्रम हे गृहीतक म्हणूनच लिहून ठेवायचं, दोन्ही क्रमांनी मॉडेल चालवायचं, आणि प्रत्येक मांडणी वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांवर, म्हणजे संगणकाच्या योगायोगाच्या आकड्यांची सुरुवात बदलून, पुन्हा पुन्हा तपासायची. एका धावेतलं सुंदर चित्र हा पुरावा नव्हे.

[दृश्य: संगणकासमोर बसलेली व्यक्ती. पडद्यावर ठिपके सरकत आहेत. बोट कळीवर.]

आता एका माणसाच्या मनात शिरू. ठिपके डावीकडे सरकतात की उजवीकडे? कळ दाबायची. संगणक उत्तर नोंदवतो आणि लागलेला वेळही. वयस्क माणसं अशा कामात तरुणांपेक्षा हळू असतात. का? 'मेंदू मंदावतो' हे उत्तर चटकन सुचतं.

रॉजर रॅटक्लिफ यांच्या १९७८ च्या मॉडेलमध्ये या वेळेची फोड होते. पुरावा थोडाथोडा, डळमळत साठत जातो आणि दोनपैकी एका सीमेला टेकला की निर्णय होतो. साठण्याचा वेग हा एक आकडा. सीमा किती दूर आहे, म्हणजे माणूस किती सावध आहे, हा दुसरा. सुरुवात कुठून झाली हा तिसरा. पाहण्यात आणि बोट हलवण्यात गेलेला वेळ हा चौथा. या मॉडेलने मोजल्यावर अनेक कामांत असं दिसलं की वयस्कांचा पुरावा साठण्याचा वेग फारसा कमी नसतो. त्यांच्या सीमा दूर असतात आणि तो चौथा वेळ जास्त असतो. म्हणजे चूक टाळण्यासाठी ते जास्त थांबतात. सरासरी वेळेच्या एका आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

इथे सांभाळायच्या गोष्टी आहेत. २०० मिलिसेकंदांच्या आतली उत्तरं बहुधा न पाहताच दिलेली असतात, ती आधी बाजूला काढायची. काम इतकं सोपं नको की कुणी चुकणारच नाही; चुका नसतील तर वेग आणि सीमा वेगळ्या करायला मॉडेलकडे फारसा आधार उरत नाही. आणखी एक: पुरावा किती डळमळतो याचं माप काही सॉफ्टवेअर ०.१ धरतात, काही १. त्यामुळे एका शोधनिबंधातली ०.१२ ही सीमा दुसऱ्यातल्या १.२ एवढीच असते. हे न बघता आकडे शेजारी मांडले, तर दहापट फरक 'सापडतो'.

[दृश्य: दोन खोके, निळा आणि पिवळा. एकात बक्षीस जास्त वेळा निघतं.]

शिकणं. १०० खेपा, दर खेपेला एक खोका निवडायचा. नियम एका ओळीचा: नवी अपेक्षा म्हणजे जुनी अपेक्षा अधिक, शिकण्याचा दर गुणिले चूक. चूक म्हणजे मिळालं त्यातून अपेक्षित होतं ते वजा. बक्षीस म्हणजे १, नाही निघालं तर ०. अपेक्षा ० पासून सुरू करू, दर ०.२ धरू. निळ्यातून बक्षीस निघालं: अपेक्षा ०.२. पुन्हा निघालं: ०.३६. नाही निघालं: ०.२८८. रॉबर्ट रेस्कॉर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये प्राण्यांच्या शिकण्यासाठी याच धाटणीचं सूत्र दिलं. १९९७ मध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवलं की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची धडधड याच चुकीशी जुळते. कागदावरची वजाबाकी मेंदूत सापडावी, हे आजही थक्क करतं.

दुसरा आकडा ठामपणाचा: अपेक्षेतला फरक निवडीत किती उतरतो, हे तो ठरवतो. निळ्याची अपेक्षा ०.३६ आणि पिवळ्याची ० असताना ठामपणा १ असेल, तर निळा निवडण्याची शक्यता ५९ टक्के. ठामपणा ५ असेल तर ८६ टक्के.

घोळ इथेच होतो. सुरुवातीच्या खेपांत अपेक्षा दराच्या प्रमाणात वाढते, आणि निवड ठरते अपेक्षा गुणिले ठामपणावर. दर ०.१ आणि ठामपणा १०, किंवा दर ०.२ आणि ठामपणा ५: सुरुवातीला दोघं जवळजवळ सारखेच वागतील. एक हळू शिकणारा आणि ठाम, दुसरा भरभर शिकणारा आणि चंचल. संगणक यातली एखादी जोडी पूर्ण आत्मविश्वासाने हातात ठेवतो.

म्हणून खऱ्या माणसांआधी खोटी माणसं. आपणच दर आणि ठामपणा ठरवून २०० खोट्या सहभागींच्या निवडी तयार करायच्या, खेपा प्रयोगात असतील तेवढ्याच. मग मॉडेलला ते आकडे शोधायला लावायचे, प्रत्येक वेळी किमान १० वेगवेगळ्या आरंभबिंदूंपासून, नाहीतर शोध जवळच्याच खड्ड्यात अडकतो. खरे आणि सापडलेले आकडे आलेखावर मांडले की ते कर्णरेषेजवळ पडायला हवेत. दर ०.९९ वर जाऊन चिकटला, तर तो माणूस विलक्षण वेगाने शिकतोय असं समजू नये. बहुधा मॉडेल लागू पडलेलं नाही.

मग तुलना, आणि तीही नाणेफेकीपासून. लॉग-संभाव्यता म्हणजे मॉडेलच्या मते प्रत्यक्ष निवडी किती संभवनीय होत्या, त्याचा लॉगॅरिदम; शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. १०० खेपांत निव्वळ अंदाजाची ती उणे ६९.३. समजा आपल्या दोन आकड्यांच्या मॉडेलची उणे ६६ आली. एआयसी आणि बीआयसी हे दोन निकष जुळणी मोजतात आणि मॉडेलमधल्या प्रत्येक आकड्यासाठी दंड लावतात. एआयसीने मॉडेल १३६ आणि नाणं १३८.६; कमी ते चांगलं, म्हणून मॉडेल जिंकलं. बीआयसीचा दंड जास्त असतो: मॉडेल १४१.२, नाणं १३८.६. नाणं जिंकलं. अशा सहभागीचा शिकण्याचा दर पुढच्या विश्लेषणात नेणं म्हणजे धुरळ्याचं माप घेणं.

[दृश्य: तेच दोन खोके. मधोमध खुणा बदलतात.]

खोट्या माणसांचे आकडे परत सापडत नसतील, तर अडचण प्रयोगाच्या आखणीत असते. ५० व्या खेपेनंतर, काही न सांगता, बक्षिसाचा खोका बदलायचा. आता जुनी अपेक्षा पुसून नवी तयार व्हायला हवी, आणि त्याला किती खेपा लागतात हे मुख्यतः शिकण्याच्या दरावर ठरतं. ०.२ वाला लवकर वळतो, ०.१ वाला बराच वेळ जुन्याच खोक्याकडे हात नेत राहतो. खोटी २०० माणसं या नव्या आखणीतून पुन्हा जाऊ द्यायची आणि आलेख पुन्हा काढायचा. ठिपके कर्णरेषेकडे सरकले, तर पहिल्या खऱ्या सहभागीला बोलावता येईल.