खाऱ्या चिखलातली पेशी

(दृश्य: ठाणे खाडी, ऐरोलीचा किनारा. ओहोटीची वेळ. चिखलातून वर आलेली तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या एका खारफुटी झाडाची, श्वसनमुळं.)

निवेदन: कुंडीतल्या तुळशीला रोज हे खाडीचं पाणी घातलं, तर ती लवकरच मान टाकेल. तिवर मात्र त्याच पाण्यात पाय रोवून उभं आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत पावसाळ्यात ते कमी होतात, उन्हाळ्यात पुन्हा वाढतात. तुळशीला जे बाधतं ते तिवराला का बाधत नाही? हे कळायला आधी एक कांदा लागेल.

(दृश्य: शाळेची प्रयोगशाळा. चिमट्याने कांद्याचा पापुद्रा सोलणारे हात. मग सूक्ष्मदर्शकातून.)

निवेदन: कांदा लालच घ्या. जांभळट बाजूचा पापुद्रा काढा, म्हणजे वेगळा रंग टाकायला नको. तो पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, आधीच भरलेला आहे. बघा, एकमेकींना खेटून बसलेल्या लांबट पेशी, काठोकाठ रंगलेल्या. आता काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडू, दुसऱ्या कडेला टिपकागद लावू. डोळा हलवू नका.

(दोन-तीन क्षण शांतता.)

रंग कडांपासून सुटला. आक्रसत आक्रसत मध्ये गोळा झाला. बाहेरची चौकट मात्र जशीच्या तशी.

ती चौकट म्हणजे सेल्युलोजची पेशीभित्तिका. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात पाहिले ते असलेच कप्पे, पण रिकामे, कारण बुचाच्या पेशी मेलेल्या असतात. जिवंत पेशीचा सगळा कारभार भित्तिकेच्या आत, प्रद्रव्यपटल नावाच्या पातळ पडद्याच्या आड चालतो. हे पटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहजासहजी देत नाही. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी बाहेर निघतं. हेच परासरण. तुळस कोमेजते ती यामुळेच.

(दृश्य: तिवराच्या पानाचा काप, ॲनिमेशन.)

निवेदन: तिवराच्या पेशीतही भाग हेच. बरंचसं मीठ मुळांपाशीच अडतं. पानापर्यंत पोचलेल्यातलं काही पेशी रिक्तिकेत कोंडून ठेवते. आकृती काढताना या रिक्तिकेला आपण मधली रिकामी जागा समजून रंगसुद्धा देत नाही. इथे झाडाचा जीव तिच्यावर आहे! मीठ तिच्यात राहिल्यामुळे पेशी पाणी धरून ठेवते आणि रिक्तिकेबाहेरच्या पेशीद्रव्यातली विकरंही, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनंही, बिघडत नाहीत.

उरलेलं मीठ पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. ते आपण होऊन जात नाही, ढकलावं लागतं, आणि ढकलायला ऊर्जा हवी. म्हणून या ग्रंथींच्या पेशींत तंतुकणिकांची दाटी असते. तंतुकणिका हे पेशीतले छोटे भाग अन्नातली ऊर्जा एटीपीच्या, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणाऱ्या रेणूच्या, रूपात मोकळी करतात. ते अन्न पानातल्याच इतर पेशींच्या हरितलवकांत, म्हणजे उन्हाच्या मदतीने अन्न बनवणाऱ्या हिरव्या भागांत, तयार झालेलं. मीठ ढकलणारी प्रथिनं कशी बांधायची, ती माहिती केंद्रकातल्या डीएनएत. बांधणी रायबोसोम या बारीक कणांवर होते, आणि आंतर्द्रव्यजालिका व गॉल्गी संकुल या पेशीतल्या वाहतुकीच्या भागांतून ती प्रथिनं पटलावर जाऊन बसतात. गंमत म्हणजे तुळशीच्या पानावरही ग्रंथी आहेत, पण त्या सुगंधी तेल बनवतात. मीठ बाहेर टाकायचं काम त्या करत नाहीत.

(दृश्य: भिंगाखाली पान. पृष्ठभागावर चमकणारे कण.)

निवेदन: हे मीठ तुम्हाला बघता येईल. पावसाळ्यात ते धुऊन जातं, त्यामुळे थंडीत किंवा उन्हाळ्यात जा. खारफुटी संरक्षित आहे, पान तोडायचं नाही, गळालेलं घ्या. जीभ लावून बघायचा मोह आवरा, खाडीत शहरांचं सांडपाणी येतं. पान उन्हात धरून वरच्या बाजूवर भिंग न्या. धुळीचे कण मातकट दिसतील, मिठाचे लखलखतील.