इंजिन शाबूत, तळ गायब

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेतल्या एखाद्या कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिलेली जुनी मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेली गाडी, बाहेर काढली, की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. बॉनेट उघडा, ओतीव लोखंडाचं व्ही-8 इंजिन जागच्या जागी असतं. थोडी खटपट केली तर सुरूही होईल. मग दार उघडून आत पाय टाकायला जावं, तर खालची जमीन दिसते. तळ गंजून गेलेला!

असं का झालं? लोक म्हणतात, कंपन्यांनी पत्रा पातळ वापरला. हे काही पटत नाही. तेव्हाचा पत्रा आजच्या गाड्यांपेक्षा चांगला जाड होता. पैसा वाचवला गेला तो पत्र्याच्या संरक्षणात आणि रचनेत.

त्या काळचं गणित बघा. 1964 साली पॉन्टियाकनं टेम्पेस्ट या मध्यम गाडीत 6.4 लिटरचं मोठं इंजिन बसवलं. झाली जीटीओ तयार. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, किंमत 2,368 डॉलरपासून. काटेकोर मंडळी मस्टँगला मसल कार म्हणत नाहीत, पोनी कार, म्हणजे आटोपशीर, खेळकर गाडी म्हणतात. म्हणू देत. तिचा नवा झगा उतरवला, तर खाली बरेचसे भाग फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनचे होते. गिऱ्हाईक तरुण, खिसा बेताचा. किंमत वाढवायची सोय नाही, मग काटछाट कुठे करणार? जिथे शोरूममध्ये कोणी वाकून बघत नाही तिथे.

मस्टँगची पेट्रोलची टाकीच घ्या. डिकीतला गालिचा उचलला, की खाली दिसतो तो टाकीचाच वरचा पत्रा. डिकीचा तळ वेगळा केलेलाच नाही. मागून जोराची धडक बसली आणि टाकी फाटली, तर पेट्रोल आणि मागचं सीट यांच्यामध्ये फारसं काही उरत नाही.

पण या गाडीचा खरा रोग पुढच्या काचेखाली आहे. वायपरपाशी हवा आत घेण्यासाठी जाळी असते. तिच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी. पावसाचं पाणी जाळीतून त्या पेटीत उतरतं आणि बाजूनं वाहून जाणं अपेक्षित असतं. प्रत्यक्षात झाडाची पानं आत पडतात, कुजतात, चिखल होतो, पाणी साचतं. पेटीच्या आत रंग नीट पोचलेला नाही. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या पत्र्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. इथे तोच प्रकार गाडीच्या पोटात चालू राहतो. भोकं पडली, की पाणी थेट चालकाच्या पायाशी. गालिचा ओला, त्याखालचा तळ ओला. शिवाय मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून काम करत असतंच. दुरुस्ती करायची तर पुढचे फेंडर उतरवून, पत्रे जोडणारे ठिकठिकाणचे स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे सांधे, ड्रिलनं सोडवून ती पेटी उघडावी लागते. तेव्हा आत थोडा रंग नीट मारला असता, तर पुढच्या मालकाचे हजारो डॉलर वाचले असते.

शेवरलेच्या कॅमॅरो गाडीची तऱ्हा वेगळी. 1967 च्या पहिल्या कॅमॅरोला मागे एकाच पात्याची स्प्रिंग होती. वर दणदणीत इंजिन. जोरात ॲक्सिलरेटर दाबला, की स्प्रिंग पिळायची आणि मागची चाकं थडथड उडायची. दुसऱ्या वर्षी मोठ्या इंजिनांना अनेक पात्यांची स्प्रिंग आली.

आणि हमी कशाची? 1963 पासून क्रायसलर 5 वर्षं किंवा 50,000 मैलांची हमी देत होती, पण ती इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांच्यापुरती. जे मोडलं तर कंपनीच्या खिशाला चाट बसते ते दणकट, बाकीचं रामभरोसे! गाडीच्या मीटरलाही मैलांचे पाचच आकडे. 99,999 नंतर पुन्हा शून्य. त्यापुढे ही गाडी कोणी चालवेल, अशी कल्पनाही कोणाला नसावी, असं मला वाटतं.

काटछाट मात्र सगळी वाईट नसते हं. 1968 ची प्लिमथ रोडरनर पाहा. साधं लांब बाकासारखं सीट, गालिच्याऐवजी रबरी चटई. पण 383 घनइंची इंजिन, भक्कम सस्पेन्शन, आणि किंमत 3,000 डॉलरच्या आत. इथे जे नाही ते डोळ्यांना दिसतं आणि मान्य करूनच माणूस घेतो. उलट त्या काळी जादा पैसे मोजून छतावर चढवून घेतलेल्या व्हायनिलच्या आवरणाखाली पाणी मुरून कितीतरी छतं सडली.

अमेरिकेत राहणाऱ्या कोणा श्रोत्याच्या मनात जुनी मस्टँग घ्यायची असेल, तर एक सांगतो. चकचकीत रंगावर जाऊ नका. मालकाची परवानगी घेऊन वायपरजवळच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता, आणि आत वाकून गालिच्याखाली हात घालून बघा. ओला लागला, तर भाव तिथूनच सुरू करा.